ते टक्के सुराचे गुण नव्हेत

‘गाणं गुणगुणून शोधा आणि स्वतःचा सूर तपासा’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. गूगलच्या ॲपमध्ये चाल गुणगुणली की ते जुळणारी गाणी शोधून देतं आणि प्रत्येकापुढे टक्के दाखवतं, त्याबद्दलचा. तो वाचून माझ्या बहिणीने लेकीला फोनसमोर गायला लावलं, आकडा आला 33 टक्के, आणि आता पोरगी गाण्याच्या क्लासला जायला तयार नाही. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, शोधलेल्या गाण्यापुढे दिसणारे टक्के म्हणजे तुमच्या सुराचे गुण. 50 च्या खाली आलात तर गाणं शिकायच्या फंदात पडू नका. साफ खोटं! तुमची चाल त्या अमुक गाण्याच्या चालीशी किती जुळते, एवढंच तो आकडा सांगतो. एकदाच गुणगुणलं तरी यादीत चार गाणी येतात आणि चारहींपुढे वेगवेगळे आकडे असतात. मग यातला मुलीचा सूर कुठला धरायचा?

सामान्य माणसाचं गुणगुणणं कच्चं असणार, हे धरूनच हे तंत्र उभं राहिलं. 1995 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर जो निबंध मांडला, त्यात स्वराची नेमकी उंची सोडूनच दिली होती. पुढचा स्वर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, इतकंच टिपायचं. ‘सा सा प प ध ध प’ घ्या: तोच, वर, तोच, वर, तोच, खाली. काळी एकच्या पट्टीत गा नाहीतर काळी पाचच्या, ही ओळ तीच राहते. पंचम, म्हणजे प, जरा खाली लागला तरी तीच. 183 गाण्यांच्या साठ्यात अशा 10-12 चढउतारांवरून 90 टक्के गाणी वेगळी ओळखता आली, तीही गाणाऱ्याच्या चुकांना वाव ठेवून. गूगलने 2020 मध्ये ही सोय आणली तेव्हा त्यांनीही सांगितलं होतं, सूर अचूक असायची गरज नाही.

मेसेजमधलं ‘शब्द पाठ हवेत’ हेही चूक. ला-ला करा, शीळ घाला, चालतं. ‘सगळी ॲप्स सारखीच’ म्हणे! वाजणारं गाणं ओळखणारं शझॅम हे ॲप मूळ रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतं; तुमच्या गुणगुणण्यात तो नसतोच.

एक मात्र कबूल करावं लागेल. चढाच्या जागी उतार आला, लय पार मोडली, तर गाणं सापडत नाही. पण गाणं साठ्यातच नसलं तरी ते सापडत नाहीच. आणि उतरलेला पंचम, आवाजाचा पोत, या ज्या गोष्टी गाणं शिकवणारा कान देऊन ऐकतो, त्यांकडे काणाडोळा करायलाच तर या यंत्राला शिकवलेलं असतं.