वॉर्साचं ओल्ड टाऊन आणि आपल्या मेझर्ड ड्रॉइंगच्या शीट्स

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या स्टडी टूरमध्ये या वर्षी वॉर्सा होतं. "पोलंडमध्ये बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न टूरला निघण्याआधी घरात, शेजारी, सगळीकडे ऐकला होता. पहिले दोन-तीन दिवस फिरल्यावर त्याचं जे उत्तर मिळालं, ते आपल्याकडच्या प्रत्येकाने ऐकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पहिल्या सकाळी गाईडने आम्हाला रॉयल कॅसलसमोरच्या चौकात नेलं. मधोमध पोलंडचा राजा सिगिस्मंड याचा उंच स्तंभ आहे, १६४४ साली उभारलेला. सगळे त्याचे फोटो काढत होते. कॅसलच्या बाजूला गवतावर दोन लांबलचक दगडी खांब आडवे पडलेत, तिकडे फारसं कुणी जात नव्हतं. ते याच स्तंभाचे जुने खांब. एक मूळचा, दुसरा एकोणिसाव्या शतकात बदललेला. हा दुसरा १९४४ मध्ये जर्मनांनी पाडला. वर उभा आहे तो तिसरा, १९४९चा. मी जवळ जाऊन त्या दगडांवरून हात फिरवला. तुटलेली टोकं अजून खडबडीत लागतात. मोडलेलं कुठेतरी गोदामात न टाकता नव्याच्या शेजारी उघड्यावर ठेवलंय, हे मला फार आवडलं.

तिथून आत गेलं की ओल्ड टाऊन. रंगीत, चित्रं काढलेल्या भिंतींची घरं, बाजारचौकात जलपरीचा पुतळा. १ ऑगस्ट १९४४ला वॉर्साच्या लोकांनी नाझींविरुद्ध उठाव केला, तो ६३ दिवस चालला. तो मोडून काढल्यावर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जाळलं, सुरुंग लावून उडवलं. ऐतिहासिक भागातलं ८५ टक्क्यांहून जास्त बांधकाम गेलं. आज दिसतं ते जवळजवळ सगळं युद्धानंतर बांधलेलं. हे ऐकल्यावर ग्रुपमधला एक जण म्हणाला, "म्हणजे ओरिजनल काहीच नाही? मग बघायचं काय?"

मला वाटतं, बघायचं नेमकं तेच आहे. एवढं शहर पुन्हा बांधायला त्यांना आधार कशाचा मिळाला? एक आधार अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराचा. त्याने रंगवलेली वॉर्साची २२ दृश्यं आज कॅसलमध्ये लावलेली आहेत. पण चित्रावरून भिंतीची जाडी कळत नाही. दुसरा आधार होता मोजून काढलेल्या नकाशांचा, आणि त्यातले कितीतरी विद्यार्थ्यांनी काढलेले होते! वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये प्रोफेसर ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी युद्धाच्या आधीच जुन्या इमारती मोजण्याचं काम सुरू केलं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये शहरावर बॉम्ब पडत असताना हा संग्रह वाचवायला ते गेले, जखमी झाले आणि त्याच महिन्यात वारले. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चोरून चालू ठेवलं. उठावानंतर शहर रिकामं केलं गेलं, तेव्हा नकाशे बाहेर काढून पिओत्रकूफच्या एका मठात लपवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये शहर पुन्हा उभं करण्यासाठी खास कार्यालय सुरू झालं, तेव्हा हे कागद हाताशी होते. १९५३ मध्ये बाजारचौक तयार झाला आणि १९८० मध्ये युनेस्कोने ओल्ड टाऊनला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सगळं जसंच्या तसं बांधलं असंही नाही. कॅथेड्रलचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातल्यासारखा न करता त्याहून जुन्या गॉथिक वळणाचा केला. घरांमागची दाटीवाटीची बांधकामं पुन्हा बांधलीच नाहीत, मोकळी अंगणं ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुरानूफला गेलो, जिथे ज्यूंचा घेट्टो, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती होती. तिथलं जुनं काहीच परत आलं नाही. ढिगारे न उपसता त्यांच्यावरच नवी वसाहत बांधली, त्यामुळे काही इमारती रस्त्यापासून पायऱ्या चढून जाव्या एवढ्या उंचावर आहेत. कुणाचं शहर परत उभं राहतं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की टाळताच येत नाही. त्या दिवशी बसमध्ये नेहमीच्या अंताक्षरीचं नावही कुणी काढलं नाही.



आता आपल्याकडचं. आर्किटेक्चरचा प्रत्येक विद्यार्थी मेझर्ड ड्रॉइंग करतो, म्हणजे उभी असलेली इमारत मोजून तिचे नकाशे मोठ्या कागदांवर (शीट्सवर) काढतो. आम्ही सेकंड इयरला वाईचा एक वाडा मोजला होता. एक टेप धरतो, एक आकडे लिहितो, एक शिडीवर चढून तुळईची जाडी घेतो. दिंडी दरवाजा, चौक, ओटी, माजघर, महिरपी, देवळ्या, प्रत्येक खणाचं माप. त्यातून प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन. ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर तपासणी होते, मार्क मिळतात आणि शीट्स गुंडाळून स्टोअररूममध्ये जातात. मी पाहिलेल्या एका स्टोअररूममध्ये सीनियर्सच्या शीट्सना ओल लागून कागद एकमेकांना चिकटले होते. त्यातले काही वाडे आता जागेवर नाहीत. म्हणजे त्या वाड्यांचं होतं नव्हतं ते त्या कागदांवरच राहिलं होतं.

शनिवारवाड्याच्या आतला महाल १८२८च्या आगीत गेला. आज आपण तिथे जोत्यांवरून फिरतो आणि वर काय असेल याचा अंदाज बांधतो. पुणे, वाई, सातारा, नाशिक, पैठण इथल्या वाड्यांचं तेच होतंय, फक्त आगीऐवजी पावसाळ्यात भिंत खचते किंवा बिल्डर येतो. प्रत्येक वाडा वाचवा असं मी म्हणत नाही. भाडेकरू, भाऊबंदकी, दुरुस्तीचा खर्च हे सगळं खरं आहे. पण वाडा उतरवण्याआधी त्याची मापं घेऊन ठेवायला काय हरकत आहे? आणि जी मापं मुलांनी आधीच घेतलीत, ती स्कॅन करून कुणालाही बघता येतील अशी ठेवायला विद्यापीठांना कोण अडवतंय? वॉर्साच्या त्या पुनर्बांधणी कार्यालयाचं दप्तर युनेस्कोने २०११ मध्ये जगाच्या स्मृतिठेव्याच्या ('मेमरी ऑफ द वर्ल्ड') यादीत नोंदवलं. आपल्या शीट्सना निदान कोरडं कपाट तरी मिळावं.

परत आल्यावर आमच्या बॅचने वाईच्या शीट्स स्कॅन करायला घेतल्यात. ज्यांच्याकडे माळ्यावर, जुन्या ट्यूबमध्ये अशा शीट्स पडून असतील त्यांनी कृपया कळवा. कुठला वाडा, कुठल्या साली मोजला, एवढं कमेंटमध्ये लिहिलंत तरी चालेल. पुण्यात असाल तर आम्ही घरी येऊन स्कॅन करू, तुमचा कागद तुमच्याकडेच राहील.