अकरा महिन्यांची माणसं

परवा नाशिकच्या गंगापूर रोडने येताना सिग्नलला एक भलामोठा फ्लेक्स दिसला. कुठल्याशा शिक्षणसंस्थेत 'सामाजिक उद्योजकता केंद्रा'चं, म्हणजे समाजाचे प्रश्न उद्योगाच्या वाटेने सोडवू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या केंद्राचं, उद्घाटन. वर अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, सरचिटणीस, प्राचार्य, दोन उद्योगपती, एक स्थानिक नेते आणि खाली शुभेच्छुकांची रांग. जुनी सवय, मी फोटो मोजायला लागले. चौदा झाले तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

मोजत होते कारण मी अशाच एका केंद्रात काम केलंय. कुठल्या, ते इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पाच ऑर्डरी, चार ब्रेक. ज्यांना हे गणित कळत नाही ते नशीबवान. अकरा महिन्यांची नेमणुकीची ऑर्डर मिळते, मग दोन-तीन दिवसांचा 'ब्रेक', मग नवी ऑर्डर. त्या दोन-तीन दिवसांत तुम्ही कागदावर संस्थेचे कुणी नसता. मी एका ब्रेकमध्ये पेठ तालुक्यात बायकांच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते, कारण बायकांनी ती तारीख धरली होती. माझा ब्रेक त्यांना कसा समजावणार?

पदाचं नाव 'प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर'. पगार अठरा हजार, शेवटी बावीस.

केंद्रात आम्ही पाच जण. संचालक सर, मी, अकाउंटचे भाऊसाहेब, ड्रायव्हर काका आणि ऑफिसच्या मावशी. सर चांगले होते, खरंच. पण त्यांच्याकडे केंद्राचा 'अतिरिक्त कार्यभार' होता. मूळ काम शिकवायचं, त्यात नॅक म्हणजे कॉलेजच्या मानांकनाचं काम, त्यात परीक्षा विभाग. आठवड्यातून एक तास ते आमचे असायचे, तोही सह्यांचा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत नवोपक्रम आणि इन्क्युबेशन (नव्या उद्योगांना सुरुवातीचं पाठबळ) यांसाठी संचालकाची खुर्ची ठेवली, हे चांगलंच झालं. पण मी जिथे जिथे पाहिलं तिथे त्या खुर्चीच्या खालची सगळी मंडळी ग्रँट आहे तोवरची. ग्रँट संपली की खुर्ची राहते, माणसं जातात.

आता नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचं सांगते, कारण त्याशिवाय मी कशाबद्दल बोलतेय ते कळणार नाही.

आमच्याकडे एकदा छत्तीस तासांची हॅकेथॉन झाली, म्हणजे ठरलेल्या वेळात सलग बसून काहीतरी बनवायची स्पर्धा. विषय 'आदिवासी महिलांसाठी तंत्रज्ञान'. इंजिनीअरिंगच्या पोरांनी पापड वाळवायचा विजेवरचा ड्रायर बनवला. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे धो धो पाऊस, पापड वाळत नाहीत, म्हणून ड्रायर. पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. पोरं हुशार होती आणि मनापासून राबली होती, त्यांची चेष्टा करायची नाहीये. ड्रायर गाडीत घालून आम्ही करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर गेलो. बायकांनी कौतुकाने पाहिला, चहा दिला, एकीने बटण दाबून बघितलं. सगळे खूश.

येताना सावळघाट मागे पडल्यावर काका म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? पावसात पापड करतंय कोण? बाया तेव्हा आवणीला असतात."

मी गप्प. छत्तीस तासांत चाळीस पोरं, सहा परीक्षक, एक मी, कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. पावसाळ्यात भाताची आणि नागलीची लावणी, कंबर मोडेस्तोवर. पापडाचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि उन्हाळ्यात पेठेत ऊन फुकट आहे, हवं तेवढं.

काका हरसूलकडचे. बायका आपसात ज्या बोलीत बोलायच्या ती मला निम्मी कळायची, त्यांना पूर्ण. बैठकीत मी बोर्डावर लिहीत असताना ते मागे भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि खरी बैठक परतीच्या गाडीत व्हायची. "ती कोपऱ्यातली बाई हो म्हणाली ना, तिचा नवरा हो म्हणणार नाही." "त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांना एका गटात टाकू नका." कुठल्या अहवालात हे येतं? त्यांच्या नावापुढे आमच्या बजेटमध्ये एकच ओळ होती: वाहन व इंधन.

पुढे कळलं की खरी अडचण दुसरीच. दिवाळीच्या आसपास नागली घरात येते, हातात पैसा नसतो, म्हणून ती लगेच दुकानदाराला जाते. मग घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा पापड करायला नागली विकत घ्यायची, तीही चढ्या भावाने. म्हणजे लागत होतं ते खेळतं भांडवल. हंगामात गटाने आपल्याच बायकांची नागली घेऊन ठेवायची, एवढी साधी गोष्ट.

इथे आमचे भाऊसाहेब कामाला आले. अकाउंटवाल्या माणसाबद्दल कुणी पोस्ट लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. हा गृहस्थ एरवी पाच रुपयांच्या झेरॉक्सचं बिल नसेल तर माझ्याशी तासभर भांडायचा. पण गटाचं बँकेचं कर्ज अडलं तेव्हा त्याने दोन रविवार पाड्यावर जाऊन बचत गटाची वही पहिल्या पानापासून नीट लावून दिली. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, व्याज कुठे चुकलं. सहीऐवजी अंगठा असेल तिथे बँकेला काय चालतं, हेही त्यालाच ठाऊक होतं. कर्ज झालं. मग त्यानेच अन्न परवान्याची छोटी नोंदणी करून दिली. बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी तेव्हा ती असायची, वर्षाला शंभर रुपये फी. एजंट याचेच हजार-दीड हजार घ्यायचे. या कामांसाठी त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या रविवारांचा भत्ताही कुणी दिला नाही.

ड्रायर? तो बरेच दिवस पाड्यावर होता. त्याच्या जाळीच्या ट्रेमध्ये बायका मिरच्या वाळवायच्या, अंगणात, उन्हात.

आता थोडं पैशाचं. आम्हाला एका मोठ्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा, होता. बैठकीला आलेले साहेब बजेट पाहून म्हणाले, "पगारावर एवढा खर्च? नियमाने पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही." आमच्या सरांनी मान डोलावली आणि माझी व काकांची ओळ कापली गेली. नंतर मी नियम काढून वाचला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली जे नियम आहेत त्यात ही पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. म्हणजे कंपनीचा सीएसआर विभाग चालवायला जे लागतं त्यावर. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेलाच आहे. पाड्यावर जाणारी कोऑर्डिनेटर आणि तिला नेणारा ड्रायव्हर हा प्रकल्पच असतो हो, ते कार्यालयीन ओझं कसं? मी हे मेलवर लिहून पाठवलं. उत्तर आलं, "नोटेड".

त्याच वर्षी केंद्रात रंगीत बीन बॅग आल्या. आठ. त्यांना बजेट होतं.

सर सेवानिवृत्त झाल्यावर एकदा भेटले. मी हाच विषय काढला. ते म्हणाले, "अगं, माणसं येणार-जाणार. सिस्टिम उभी राहिली पाहिजे." मला हे निम्मं पटतं. माझ्याकडे प्रत्येक गटाची डायरी होती, कुणाचं लग्न, कुणाची उधारी, कुठल्या बँकेत कोण साहेब ऐकून घेतो. मी सोडलं तेव्हा त्या डायऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, चावी मावशींकडे दिली. पुढच्या कोऑर्डिनेटरची ऑर्डर निघायला सात महिने लागले. तोवर खोली दुसऱ्या विभागाला गेली होती, कॉम्प्युटर फॉरमॅट झाला होता आणि डायऱ्या रद्दीत. मावशींनी दोन वाचवल्या, माझ्या घरी आणून दिल्या. सिस्टिम मावशींच्या पिशवीतून माझ्या कपाटात आली, असं म्हणायचं.

आणि हो, मी काही संत नाही. मी चांगला पगार मिळाला म्हणून सोडलं. घराचा हप्ता होता. जो कोणी 'समाजकार्यात पैसा बघायचा नसतो' म्हणतो, त्याने आधी आपली सॅलरी स्लिप टाकावी, मग बोलू.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड हमखास असायची, ग्रेग डीस या अमेरिकन प्राध्यापकांची. १९९८ मध्ये त्यांनी सामाजिक उद्योजक कुणाला म्हणावं यावर लिहिलेला निबंध या विषयातल्या सगळ्यांना पाठ असतो. पण स्लाइडवर न येणारी गोष्ट मला जास्त आवडते. हा माणूस हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवत होता आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते सोडून केंटकीच्या डोंगराळ, गरीब भागात एका विकास संस्थेत काम करायला गेला. मग स्टॅनफर्ड, मग ड्यूक. ड्यूक विद्यापीठात २००२ मध्ये त्यांनी बेथ अँडरसन यांच्यासोबत सामाजिक उद्योजकतेचं केंद्र उभं केलं. २०१३ च्या डिसेंबरात डीस गेले. केंद्र बंद पडलं नाही. कॅथी क्लार्क आणि एरिन वर्शम यांनी ते पुढे नेलं. मला वाटतं, ते जमलं कारण मागे उभं राहायला पूर्ण वेळाची माणसं होती. तिकडचा पैसा वेगळा, देणगीदार वेगळे, हे मला कळतं. पण त्यांची व्याख्या आपण फुकट उचलली आणि माणसं ठेवायची रीत तेवढी तिथेच ठेवून आलो.

लांब कशाला जायचं? इथे नाशिकजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले सर. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. ही गंगा घरोघरी गेली ती अभ्यासकेंद्रांवरून. रविवारी कॉलेज उघडणारा क्लार्क, पुस्तकांचे गठ्ठे सोडणारा शिपाई, 'बाई, फॉर्म भरा, वय गेलं नाही अजून' म्हणणारा संयोजक. माझ्या मोठ्या जाऊबाई अशाच एका संयोजकामुळे चाळिशीत पदवीधर झाल्या. त्यांना कुलगुरूंचं नाव सांगता येणार नाही, त्या संयोजकांचं आजही तोंडपाठ आहे.

मोहाडीला 'सह्याद्री फार्म्स' बघायला आम्ही दरवर्षी पोरांची बस न्यायचो. विलास शिंदे राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ती उत्पादक कंपनी उभी केली. पोरं पॅकहाऊस बघून दिपून जायची, सेल्फी काढायची. मी मात्र बाहेर ट्रॅक्टरजवळ उभ्या शेतकऱ्यांशी गप्पा मारणाऱ्या तिथल्या फील्डच्या पोरांकडे बघत बसायचे. कुणाची बाग कधी छाटली हे त्यांना वही न बघता सांगता यायचं. आमच्या केंद्रात असं सांगू शकणारे होते फक्त काका, आणि काकांची ऑर्डर अकरा महिन्यांची.

हे सगळं आत्ताच का लिहितेय? कारण २०२७ चा कुंभ तोंडावर आहे. गेल्या कुंभाच्या वेळी, २०१५ ला, कुंभथॉन झाली होती, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तोडगे शोधायची हॅकेथॉन. आपल्याच नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. पायाखालच्या चटईवरून गर्दी मोजायचं यंत्र इथल्या शाळकरी पोराने केलं होतं. त्यातूनच पुढे टीसीएस कंपनीचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे सामाजिक नवोपक्रमांचं केंद्र नाशकात आलं. ते चांगलं झालं असं माझं मत आहे, कारण मेळा उठल्यावरही तंबू उठला नाही. पण आता जो तो नवीन केंद्र काढणार, फीत कापणार, बीन बॅग आणणार. ज्यांच्या हातात बजेट आहे त्यांतला एखादा जरी ही पोस्ट वाचत असेल, तर एवढंच करा: उद्घाटनाचा मांडव लहान घाला आणि कोऑर्डिनेटर, अकाउंटंट व ड्रायव्हर यांना सलग तीन वर्षांच्या ऑर्डरी द्या. काम वाईट केलं तर काढा. पण दर अकरा महिन्यांनी गावाची ओळख पुसू नका.

पेठचा गट अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात तिथून एकीचा फोन आला, "मॅडम, त्या परवान्याची तारीख संपली का ओ?" मी म्हटलं, मी आता तिथे नसते, केंद्रात फोन करा. म्हणाली, "लावला होता. ते म्हनले कोणता गट?"

शंभर रुपये भरले, नूतनीकरण केलं. प्रिंट द्यायला या रविवारी चाललेय. काका आता एका शाळेची व्हॅन चालवतात, रविवारी मोकळे असतात, ते येतायत. भाऊसाहेबांनाही विचारलंय, पेट्रोलचं बिल दाखवणार असाल तर येतो म्हणाले. गाडीत एक जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, सकाळी सात वाजता पेठ नाक्यावरून निघू, डबा आपापला.