सेटिंग्ज सेव्ह झाल्या म्हणे! मग पोर्ट बंद का?

पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून एका ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेलं घरातल्या कोणत्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं याचा, नियम भरायचा, ‘अप्लाय’ दाबायचं, आणि राउटर हिरव्या अक्षरांत सांगणार की सेटिंग्ज सेव्ह झाल्या. झाल्या ना? मग बाहेरच्या माणसाला माझा सर्व्हर का दिसत नाही? त्याच्या स्क्रीनवर नुसतं ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. कुठे अडलं, कुणी अडवलं, काही पत्ता नाही. पोर्ट उघडत नाही याचा राग एक वेळ गिळता येईल, पण हा मुकेपणा डोक्यात जातो. मधल्या डब्यांना चांगलं कळत असतं की वाट बंद आहे, आणि एकही डबा तोंड उघडत नाही.

मागणी काय आहे माझी? घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा. चार-पाच मित्रमैत्रिणी रात्री येणार, खेळणार, आणि आपण बांधलेलं सगळं दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे सापडणार. कॉम्प्युटर माझा, वीज माझी, इंटरनेटचं बिल मी भरते. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनला टीसीपीचा (डेटा पाठवायच्या दोन पद्धतींतली ही एक, दुसरी यूडीपी) २५५६५ हा एक पोर्ट लागतो. पासष्ट हजारांतला एक! तो माझ्या घरात माझ्यासाठी उघडायला मी इतकं झिजायचं?

राउटरच्या पानापासूनच छळ सुरू होतो. १९२.१६८.१.१ हा राउटरचा घरातला पत्ता टाकला की ब्राउझर आधी लाल खूण दाखवून घाबरवतो की ही साइट सुरक्षित नाही, कारण राउटरचं सर्टिफिकेट राउटरनेच स्वतःला दिलेलं असतं. आत गेलं की ते सेटिंग शोधत बसा. कुठे ते ‘नॅट’खाली (नॅट म्हणजे एका बाहेरच्या पत्त्यामागे घरातली सगळी यंत्रं बसवणं), कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, कुठे ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड गेमिंग’. जुना राउटर काढून नवा लावला की सगळी शोधाशोध परत पहिल्यापासून. शेजारीच ‘पोर्ट ट्रिगरिंग’ बसलेलं असतं. आतून आधी काहीतरी बाहेर गेलं तरच ते पोर्ट उघडतं, म्हणजे गप्प बसून वाट बघणाऱ्या सर्व्हरला त्याचा शून्य उपयोग. पण हे त्या पानावर लिहायला कुणाला सुचलं नाही.

मग तो तक्ता. एक्स्टर्नल पोर्ट स्टार्ट, एक्स्टर्नल पोर्ट एंड, इंटर्नल पोर्ट, इंटर्नल होस्ट, प्रोटोकॉल, वॅन इंटरफेस, रिमोट होस्ट. रिमोट होस्टमध्ये काय भरायचं? मित्राचा आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता? नाही, रिकामं सोडायचं. सोडलं, तर ‘इनव्हॅलिड आयपी अ‍ॅड्रेस’. मग तिथे चार शून्यं भरायची, ०.०.०.०, म्हणजे ‘कुणीही’. हे मी कुठून शोधायचं? वॅन म्हणजे राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू. त्या वॅन इंटरफेसच्या यादीत तीन-चार नावं, सगळी आकडे आणि अंडरस्कोर घातलेली, त्यातलं एक इंटरनेटचं, बाकीची फोन आणि टीव्हीची. चुकीचं निवडलं तरी सेव्ह होतं! टीसीपीच्या जागी यूडीपी ठेवलं तरी सेव्ह होतं! आणि खेळागणिक ते बदलतं. माइनक्राफ्टच्याच बेडरॉक एडिशनला यूडीपी १९१३२, फॅक्टोरिओला यूडीपी ३४१९७, टेरारियाला टीसीपी ७७७७. हे सगळं बघून, ताडून, शेवटचा रकाना भरेपर्यंत पान आपोआप लॉगआउट झालेलं असतं. भरलेली ओळ गेली. परत पासवर्ड, परत तोच मेनू, परत तोच तक्ता.

बरं, नियम लागला. १९२.१६८.१.७ या पत्त्याला पाठव म्हणून सांगितलं. रात्री वीज गेली, आली, आणि आता तो पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळालाय, सर्व्हर १९२.१६८.१.१२ वर जाऊन बसलाय. यावर उपाय आहे, डीएचसीपी रिझर्व्हेशन, म्हणजे ठरावीक मॅक अ‍ॅड्रेसला (यंत्राच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) कायम ठरावीक आयपी. पण ते दुसऱ्याच मेनूत, दुसऱ्याच पानावर. मला सांगा, घरातले पत्ते वाटतो कोण? राउटर. कोणता पोर्ट कुठे पाठवायचा ते लक्षात ठेवतो कोण? राउटरच. दोन्ही याद्या एकाच डब्यात, आणि एकीला दुसरीची खबर नाही. नियम लिहिताना ‘हा पत्ता या कॉम्प्युटरला कायमचा देऊ का?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर कितीतरी लोकांच्या रात्री वाचल्या असत्या.

कॉम्प्युटरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारा, वेगळाच. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, ते ‘पब्लिक’ धरतं, आणि ‘प्रायव्हेट’साठी जावाला (सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रोग्रामला) दिलेली परवानगी तिथे लागू होत नाही. असो, तो निदान माझ्या हातातला तरी आहे.

तपासायचं म्हटलं तरी तीच गत. घरातूनच आपला बाहेरचा आयपी टाकून बघावं, तर कितीतरी राउटर आतून आलेली मागणी बाहेरच्या पत्त्यावरून परत आत वळवतच नाहीत. म्हणजे सगळं ठीक असलं तरी घरात बसून ‘बंद’च दिसणार. मोबाइलच्या डेटावरून बघा. पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटी आहेत, पण बहुतेक नुसता टीसीपी बघतात. यूडीपीवर चालणाऱ्या खेळांना त्यांचा काय उपयोग? शिवाय सर्व्हर चालू नसेल तर उघडा पोर्टसुद्धा त्या बंदच सांगतात. मग माणूस राउटरमध्ये शिरून चांगले चाललेले नियम उपटत बसतो.

आणि हे सगळं, अगदी सगळं बरोबर केलं, तरी माझा सर्व्हर बाहेर दिसतच नव्हता. दिसणारच नव्हता!

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी लिहिलेला असतो. माझा १००.७१ ने सुरू होतो. ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवर गेले तर तिथे वेगळाच आकडा. म्हणजे माझ्या राउटरच्या वर आणखी एक नॅट बसलाय, इंटरनेट कंपनीच्या आवारात. त्याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. एका खऱ्या पत्त्यामागे कंपनी अनेक घरं बसवते. बाहेरून २५५६५ वर कुणी आलं की ते कंपनीच्या यंत्रापाशी थांबतं, कारण यातल्या कुठल्या घरात जायचं हे तिथे कुणी सांगितलेलंच नाही. माझ्या राउटरपर्यंत ते पोचतच नाही. मी इथे सोन्याचा नियम लिहिला तरी मातीमोल.

पत्ते संपलेत, मान्य आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. कंपनीने काटकसर करावी, माझी ना नाही. पण सांगा ना! कनेक्शन घेताना स्पीड ठसठशीत अक्षरांत, किती जीबी, कोणते ओटीटी फुकट, सगळं. ‘या जोडणीवर बाहेरून आत येता येणार नाही’ हे एक वाक्य कुठेच नाही. गेम सर्व्हर चालवायचा असेल, घरचा कॅमेरा बाहेरून थेट बघायचा असेल, घरातल्या हार्ड डिस्कवरचे फोटो मागवायचे असतील, त्या प्रत्येकाला हे वाक्य पैसे भरण्याआधी वाचायला मिळायला हवं.

आणि त्या राउटरचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याला स्वतःचा वॅन पत्ता माहीत आहे. तो १००.६४ च्या पट्ट्यात बसतो का, हे बघायला एक तुलना पुरते. नियम सेव्ह करताना त्याने एक लाल ओळ दाखवायची होती: ‘तुमच्या जोडणीला सार्वजनिक पत्ता नाही, हा नियम चालणार नाही.’ एवढंच. त्याऐवजी हिरव्या अक्षरांत ‘सेटिंग्ज सेव्ह झाल्या’. आणि जगभर लोक पहाटेपर्यंत पोर्टचे आकडे उलटसुलट करत बसलेत, स्वतःलाच दोष देतायत की आपल्याला जमत नाही.

मग कस्टमर केअर.

‘मॅडम, तुमचं स्पीड बरोबर येतंय का?’

येतंय. स्पीडची तक्रारच नाही. मला पब्लिक आयपी हवाय, मी सीजीनॅटच्या मागे आहे.

‘ओके मॅडम, एकदा राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.’

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय त्यात हा शब्दच नाही, आणि कागदाबाहेर बोलायची त्याला मुभा नाही. राग आहे तो कागद लिहिणाऱ्यावर. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि थोड्या वेळाने मेसेज: ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे.’ कुणी सोडवली? काय सोडवलं? परत फोन केला तर वरच्या माणसाने सांगितलं की स्टॅटिक आयपी फक्त बिझनेस प्लॅनवर मिळतो. अहो, मला स्टॅटिक नकोच आहे! रोज बदलणारा चालेल, डायनॅमिक डीएनएस त्याच्याचसाठी आहे, बदललेला पत्ता ते आपोआप नावाला जोडून देतं. मला फक्त माझ्या एकटीचा हवाय, मग तो रोज नवा का असेना. हा फरक फोनवर शेवटपर्यंत कुणाच्या गळी उतरला नाही.

सीजीनॅट नसलेल्यांचेही हाल आहेतच. कंपनीने लावलेला डबा स्वतःच राउटर, त्याच्या मागे आपला चांगला राउटर, म्हणजे घरातच दोन नॅट. कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकलं की तो नुसता सिग्नल पुढे देतो आणि प्रश्न मिटतो. पण ब्रिज मोडचं पान स्टिकरवरच्या पासवर्डने दिसतच नाही, त्याला कंपनीचा वेगळा लॉगिन लागतो, आणि तो ‘सिक्युरिटी’मुळे देत नाहीत. तोच डबा कंपनीला मात्र लांबून हवा तेव्हा अपडेट करता येतो, आणि अपडेटनंतर तुमचे नियम पुसले गेले तर विचारायचं कुणाला?

यावर सल्ले देणारे असतातच. ‘यूपीएनपी चालू कर, आपोआप होतं.’ यूपीएनपी कुणालाही ओळख न विचारता पोर्ट उघडून देतो, घरातला स्वस्तातला स्मार्ट बल्बसुद्धा मागू शकतो. आणि सीजीनॅटपुढे तोही हतबल. ‘डीएमझेडमध्ये टाक.’ म्हणजे एका पोर्टसाठी तो अख्खा कॉम्प्युटर उघड्यावर ठेवायचा? हा सल्ला देऊ नका कुणाला. ‘व्हीपीएन टनेल वापर’, म्हणजे मित्रांचे आणि माझा कॉम्प्युटर इंटरनेटवरूनच खासगी वाटेने जोड, हा बरा सल्ला आहे, चालतो, मी सध्या तेच करते. पण त्यासाठी प्रत्येक मित्राला एक अ‍ॅप टाकायला लावायचं, आणि थेट वाट जुळली नाही की सगळा डेटा तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून फिरून येणार. एक जण खेळातलं दार उघडतो आणि दुसऱ्याला ते अजून बंद दिसतं, असा खेळ होतो मग. माझ्या घरातलं यंत्र, मित्र चार गल्ल्या पलीकडे, आणि मध्ये भलतीकडचा सर्व्हर.

खरा उपाय कधीचा लिहून ठेवलाय. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचं पहिलं मानक १९९५ सालचं, त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देता येतो, नॅटची भानगडच नाही. माझ्या कंपनीने ते दिलंयसुद्धा! आनंदाने राउटर उघडला तर त्यात आयपीव्ही६ फायरवॉलला एकच बटण, चालू किंवा बंद. चालू ठेवलं तर कुणीच आत येऊ शकत नाही, बंद केलं तर घरातल्या सगळ्या यंत्रांवर कुणीही धडका मारू शकतं. एका कॉम्प्युटरचा एक पोर्ट उघडायची सोयच नाही. आणि आयपीव्ही४ च्या सीजीनॅटमधूनही पोर्ट मागता यावा म्हणून पीसीपी नावाचा प्रोटोकॉल २०१३ मध्येच तयार झालाय. कंपनीच्या यंत्राला घरचा राउटर विचारतो, हा पोर्ट मला मिळेल का, आणि यंत्र देतं किंवा ‘नाही’ म्हणून स्पष्ट सांगतं. माझ्या कंपनीने तो चालूच केलेला नाही. फोनवर त्याचं नाव घेतलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, कोणतं अ‍ॅप आहे ते?’

आता लेखी अर्ज केलाय. सार्वजनिक पत्ता द्या किंवा ब्रिज मोडचा लॉगिन द्या (म्हणजे आयपीव्ही६ चा एकच पोर्ट उघडू देणारा राउटर मला लावता येईल), दोन्ही नाकारत असाल तर कारण लिहून द्या. ‘समस्या सोडवण्यात आली आहे’ हा मेसेज परत आला तर तोच अर्ज त्याच दिवशी परत टाकणार आहे. राउटर बनवणाऱ्यालाही लिहिलंय, त्या लाल ओळीबद्दल. एक तुलना, एक ओळ. तेवढं करा.