लँडिंगवरची खिडकी

आज ऑफिसात आवाज चढला. माझाच. तीन मजली ऑफिस-इमारतीच्या नकाशांचा सेट ज्युनियरने टेबलावर ठेवला आणि खुशीत म्हणाला, "मॅडम, एनर्जीचं बसलं!" कसं बसलं? ऊर्जेच्या नियमासाठी काच भिंतीच्या 40 टक्क्यांच्या आत आणायची होती, म्हणून पठ्ठ्याने चारही बाजूंच्या खिडक्या सरसकट कापल्या. पश्चिमेच्या कापल्या तशाच उत्तरेच्याही. आणि जिन्याच्या लँडिंगवरचीसुद्धा.

लँडिंगच्या खिडकीवर माझा जीव का आहे, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. माझं पहिलं स्वतंत्र काम, एक साधं घर. लँडिंगवर उत्तरेला खिडकी, सिल म्हणजे खालची कड जमिनीपासून फक्त साडेचारशे मिलिमीटरवर, म्हणजे टेकून बसता येईल अशी. मालक म्हणाले, "जिन्यात कोण बसतं?" त्यांच्या आई, आमच्या काकू, बसायला लागल्या. रोज दुपारी, पेपर घेऊन.

आता ही खिडकी कोणत्या रकान्यात भरायची, सांगा! सॉफ्टवेअरला ती दीड चौरस मीटरचं भोक दिसते. उष्णता आत येणारं, बाहेर जाणारं भोक. पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन छज्ज्याखालून तिरकं थेट टेबलावर येतं, त्याला उभ्या पट्ट्या लागतात. उत्तरेला तो त्रासच नाही. पण टक्केवारीच्या साध्या वाटेने गेलात तर दोन्ही काचा एकाच बेरजेत. दुसरी वाट असते, अख्ख्या इमारतीचं सिम्युलेशन, म्हणजे वर्षभराच्या ऊर्जेचा हिशेब कॉम्प्युटरवर करून दाखवायची. पण तिला वेळ लागतो, फी लागते, आणि क्लायंट विचारतो, "हे कशाला?"

नियम हवेत. 1973 च्या तेलसंकटानंतर जगाला जाग आली, अमेरिकेत 1975 साली वातानुकूलन-अभियंत्यांच्या संस्थेचं म्हणजे अ‍ॅश्रेचं इमारतींच्या ऊर्जेसाठीचं पहिलं मानक आलं, ते काही उगाच नाही. एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे काचेतून किती उष्णता निसटते त्याचं माप, साधारण 5.8, दुहेरीचा त्याच्या निम्मा. माझ्या त्या लाडक्या खिडकीला एकेरीच काच आहे. थंडीत काकू शाल पांघरून बसतात. बरं, मान्य.

पण मला चीड नियमाची नाही, तो येतो कधी याची आहे. सगळं चित्र काढून झाल्यावर, सबमिशनच्या दोन दिवस आधी, ऊर्जेच्या कन्सल्टंटच्या मेलमधून. मग आर्किटेक्टने काय करायचं? कापायचं. जर्मनीत डार्मश्टाटला 1991 साली पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत भागणारं घर, उभं राहिलं. चार घरांची ओळ, आणि त्यामागे वोल्फगांग फाइस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ. गरम करायला वर्षाला चौरस मीटरमागे 15 किलोवॅट-तास, एवढीच मर्यादा त्या मंडळींनी पुढे घालून दिली. तिथे आकडेमोड पहिल्या रेषेपासून सोबत होती. आमच्याकडे ती शेवटच्या पानावर सही मारायला येते.

आणि हे "आमच्याकडे" म्हणजे कोण? आपणच ना! सूर्य कुठून येतो हे कॉलेजात शिकलो, मग पडदाभिंतीच्या, म्हणजे इमारतीला बाहेरून अख्खं झाकणाऱ्या, काचा लावत सुटलो आणि ऊन मोजायचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. भर दिवसा पडदे ओढून दिवे लावलेली ऑफिसं कन्सल्टंटने काढली नाहीत.

तो पोरगा खालमानेनं उभा होता. वाईट वाटलं. कापायला त्याला मीच शिकवलंय, "बसव कसंतरी" हे माझंच वाक्य.

काकूंचे गुडघे गेलेत आता. वरचा मजला सुटला. पण लँडिंगपर्यंत चढतात, सात पायऱ्या, कठडा धरून.

संध्याकाळी दोघं परत बसलो. उत्तरेच्या खिडक्या होत्या तशा केल्या, पश्चिमेच्या बारीक करून पट्ट्या दिल्या. बेरीज 41. अडकलं. मग त्यानेच हळूच रिसेप्शनच्या दुमजली काचेवर बोट ठेवलं. ती मी हट्टाने काढलेली, फोटोत छान दिसते म्हणून.

कापली. क्लायंटला उद्या मीच सांगणार आहे.