दिलीपरावांचा पट

"तिकडे बाँब पडतायत आणि ह्यांना कुस्त्या सुचतायत!" युक्रेनच्या संघाच्या सरावाचा फोटो नाचवत दिलीपराव कट्ट्यावर टेकले. "थोडक्यात सांगतो..."

त्यांचं थोडक्यात म्हणजे अर्धा तास. शुभांगीने मध्येच तोडलं. "पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीत तीन पदकं आणलीत त्यांनी. नसिबोव्हचं रौप्य, बेलेनियुक आणि कोल्याडेंकोचं ब्राँझ."

"पदकांनी रणगाडे थांबतात का?"

"मग बारशीही बंद करायची का तिथली?"

दिलीपराव गप्प. हे विरळाच.

शुभांगी स्वतः मॅटवर घाम गाळलेली. "धावणारा एकटा धावेल हो. पैलवानाला जोडीदार लागतो, तोही आपल्या वजनाचा. ६७ किलोवाल्याला ९७चा देऊन भागत नाही. एक जोडीदार आघाडीवर, दुसरा घरच्यांबरोबर परदेशात. उरलेल्याने भिंतीशी लढायचं? तिथल्या कोचला आधी माणसं गोळा करावी लागतात, डाव नंतर. आणि मानेत हात अडकवून भिडलेत, अंग तापलंय, तेवढ्यात सायरन! उतरा तळघरात. घाम अंगावरच गार. वर आलं की वॉर्म-अप पुन्हा पहिल्यापासून. वजन उतरवायच्या आठवड्यात हे करून बघा."

"पण खेळात राजकारण नको," दिलीपरावांनी ठेवणीतलं वाक्य काढलं.

"जागतिक कुस्ती महासंघाने मार्च २०२२मध्ये रशियाला बाहेर काढलं, पुढच्या वर्षी तटस्थ म्हणून आत घेतलं. नुसता झेंडा काढला की झालं?"

नितीनला ते पटलं नाही. "लष्कराशी करार असलेल्यांना ऑलिंपिकची दारं बंदच होती की. आणि रशियाचे पैलवान पॅरिसला आलेच नाहीत, त्यांच्याच महासंघाने नकार दिला."

"आले नाहीत म्हणून सुटला प्रश्न. आले असते तर ज्याचं गाव बेचिराख झालंय त्याने हात मिळवायचा होता का?"

मला राहवेना. बेलेनियुकचे वडील वैमानिक, रवांडाच्या युद्धात गेले. पोरगा कीव्हमध्ये आईने वाढवला. टोकियोत युक्रेनला एकच सुवर्ण मिळालं, ते त्याचं. पॅरिसला शेवटची कुस्ती जिंकून त्याने बूट काढून मॅटवर ठेवले. ते मी चारदा पाहिलंय आणि चारही वेळा घसा दाटलाय.

"बूट ठेवले, पण तुझी छत्री कुठे ठेवलीस रे नित्या? माझीच ती!" दिलीपरावांना दोन पावसाळ्यांपूर्वीचं आठवलं.

"विषय बदलू नका. जोडीदाराशिवाय पट काढून दाखवा!" शुभांगी म्हणाली.

दिलीपराव खरंच उठले. वाकले. हवेतला पाय धरायला हात पुढे केले आणि तिथेच अडकले. "कंबर! कंबर!"

हसून हसून कुणाला उठवेना. शेवटी नितीननेच त्यांना काखेत धरून सरळ केलं.

"वजन किती हो तुमचं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आधी छत्री," दिलीपराव कण्हले.