दोन सुयांचा मीटर सोयाबीनच्या पोत्यात खुपसू नका

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. "शेतकरी बांधवांनो, मॉइश्चर मीटरवर हजारो रुपये घालवू नका" असा सुरू होतो आणि खाली सहा मुद्दे. मिठाच्या बाटलीने ओलावा कळतो, चारशे रुपयांचा दोन सुयांचा मीटर तेच काम करतो, मोबाईलच्या ॲपवर फुकटात बघता येतं, आडत्याचा मीटर कायम दोन पॉइंट (म्हणजे दोन टक्के) वाढवूनच दाखवतो, सरकारने १५ टक्के ओलावा कायमचा मंजूर केलाय, आणि आपले आजोबा दाताखाली दाणा धरून सांगायचे त्यांना कुठं मीटर लागत होता. मागच्या दिवाळीत हाच मेसेज आमच्या दाजींकडे गेला होता आणि त्यात त्यांचं अख्खं बियाणं गेलं, म्हणून लिहितोय.

आधी सुयांचंच घेतो कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतंय.

दाजींनी तो मीटर मागवला. डब्यावर चित्र लाकडाच्या फळीचं, आतल्या कागदावर पण लाकूड आणि भिंतीचं प्लास्टर एवढंच, धान्याचं नाव कुठंच नाही. पण मेसेजमध्ये लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी बियाण्यासाठी काढून ठेवलेल्या सोयाबीनमध्ये सुया खुपसल्या, आकडा आला ९ टक्के. बारा पोती भिंतीला लागून थप्पी मारून ठेवली. पंधरा-वीस दिवसांनी ताईचा फोन, पोत्यात हात घातला की गरम लागतंय म्हणून. मी गेलो, मधल्या थरातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत कोमट, आणि ओंजळ बाहेर काढली तर कुबट वास, दाण्याच्या डोळ्यापाशी काळपट पडायला लागलेलं. येताना मी आमच्या शेतकरी गटाचा कपवाला मीटर (दाणे कपात भरून मोजायचा) नेला होता, त्यावर त्याच पोत्याचा माल १४.६ आला. मग मुद्दाम तो सुयांचा मीटर त्याच पोत्यात पाच वेळा लावून बघितला: ७, ११, ९, १३, ८. एकच पोतं, एकच मिनिट!

पोती लगेच पसरून वाळवली, पण उशीर झाला होता. मे महिन्यात गोणपाटावर १०० दाणे मोजून घातले तर ४१ उगवले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि साध्या पोत्यात ठेवायचं तर ओलावा १२ च्या वर चालत नाही. ते सगळं बियाणं मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) पडेल त्या भावाने गेलं आणि पेरणीला बॅगा विकत आणाव्या लागल्या. ताई दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही.

आता असं का होतं ते ऐका. सुयांचा मीटर दोन टोकांच्या मधे विजेला किती अडथळा येतो ते मोजतो आणि त्यावरून लाकडाच्या हिशोबाने आकडा काढतो. लाकूड सलग असतं. पोत्यात मात्र सुयांच्या मधे चार दाणे टेकलेत की दोन, मधे हवा किती, तुम्ही हात किती जोरात दाबला, यावर आकडा नाचतो. मोंढ्यातला जुना हँडल फिरवायचा मीटर पण अडथळाच मोजतो, खरंय, पण तो मापून घेतलेले दाणे ठराविक जाडीपर्यंत दाबतो आणि त्याला प्रत्येक पिकाचा वेगळा तक्ता असतो. कपवाल्या मीटरचं तत्त्व वेगळं, कपातला माल विजेचा भार किती धरतो ते तो बघतो, त्याला कपॅसिटन्स म्हणतात. पाण्याचा डायलेक्ट्रिक आकडा (भार धरायला किती मदत होते त्याचं माप) ८० च्या आसपास आणि कोरड्या दाण्याचा दोन ते पाच, त्यामुळे कपात थोडंसं पाणी वाढलं तरी मीटरला लगेच कळतं. पण कपात दाणे किती भरले आणि किती गरम आहेत यानेही त्याचा आकडा हलतो, म्हणून घेताना तेच बघायचं: आपल्या पिकांची नावं त्यात आहेत का (सोयाबीन, तूर, हरभरा, मका, ज्वारी, आपण जे घेतो ते), माल मापून किंवा वजन करून भरायची सोय आहे का, तापमानाची दुरुस्ती आपोआप होते का, आणि बिघडला किंवा फरक दाखवायला लागला तर जवळपास कोण सेट करून देतंय का. स्क्रीन मोठी आहे, रंग भारी आहे, याला काही अर्थ नाही.

ॲपचं तर काय बोलावं. मोबाईलमध्ये धान्यातलं पाणी मोजणारा सेन्सरच नाही, मग ते मोजणार कशाने? काढून टाका.

मिठाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. कोरडं मीठ आणि दाणे काचेच्या बाटलीत घालून पाच-दहा मिनिटं हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर माल ओला, ही जुनी पद्धत आहे आणि भात-मक्याला चालते. पण ती साधारण १५ च्या वर की खाली एवढंच सांगते, कारण आजूबाजूच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरतं आणि भात-मक्यात ती वेळ १४-१५ ला येते. तेलबियांत ती आणखी खाली येते, भुईमुगात तर बरीच खाली. आपल्याला १२ आहे की १४ ते कळायला पाहिजे आणि तिथं बाटली गप्प. आजोबांच्या दाताचंही तेच. कट्ट आवाज आला की वाळलंय हे अनुभवी माणसाला कळतं, मलाही कळतं, पण दोन टक्क्यांचा फरक कुणाच्या दाताला कळत नाही.

सरकारने १५ टक्के कायमचे मंजूर केल्याचं मेसेजमधलं वाक्य सरळ चुकीचं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्राने हमीभाव खरेदीत सोयाबीनला १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण ती त्या हंगामापुरती. नियम १२ चाच आहे. मेसेज वाचून ओला माल ट्रॅक्टरमध्ये भरून नेला तर परत आणायचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार.

राहिला आडत्याचा मीटर. ही तक्रार खोटी नाही, मी स्वतः एकाच दिवशी एकाच मालाला दोन दुकानात ११.८ आणि १३.५ बघितलंय. १० क्विंटलला एक पॉइंट जास्त लागला तर हिशोबाने ११ किलोच्या वर माल कापला जातो, २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते सहाशे रुपये झाले, आणि काहीजण तर हिशोबापेक्षा जास्तच कापतात. पण मग यावर उपाय मीटर न घेणं हा कसा काय होतो? आपल्या हातात आपला आकडा असेल तरच समोरच्याला म्हणता येतं, की परत लावा.

फक्त आपला मीटर तरी खरा आहे कशावरून, तर त्याला ओव्हनशी ताडून बघायचं. बियाणं तपासणीच्या आंतरराष्ट्रीय नियमात सोयाबीनचा ओलावा १०३ अंशावर १७ तास वाळवून, आधीच्या आणि नंतरच्या वजनाच्या फरकावरून काढतात, आणि बाकी सगळे मीटर शेवटी अशाच ओव्हनच्या आकड्याला जुळवलेले असतात. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन हे करून घेता येतं. एकाच पोत्यातला माल नीट मिसळून दोन भाग करायचे, एक दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत हवा न ठेवता घट्ट बांधून लॅबला, दुसरा त्याच दिवशी आपल्या मीटरवर. कप दरवेळी रिकामा करून नव्याने भरायचा, तीनदा मोजायचं आणि सरासरी धरायची. उन्हातून उचललेला माल लगेच मोजू नका, सावलीत थंड होऊ द्या, कारण नुकताच वाळवलेला दाणा वरून कोरडा आणि आतून ओला असतो, मीटर कमी दाखवतो आणि रात्रीतून आकडा परत चढतो. दवाने भिजलेला माल उलटं जास्त दाखवतो.

दाजींनी यंदा शेजारच्या चौघांना घेऊन सामाईकात कपवाला मीटर घेतलाय, पाच जणांत खर्च फार जाणवला नाही. लॅबशी ताडला तर ०.४ जास्त दाखवतोय, सोयाबीनपुरतं. त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने "सोया – ०.४ वजा" लिहून ठेवलंय, आणि सुयांचा मीटर गावातल्या सुताराला देऊन टाकलाय.