मेसेज २००५ सालातच थांबलाय

"ह्यां इंजेक्शन तुमच्याकडे गावतलां काय?" काकांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. काकींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ, दोन दिवसांनी परत कुडाळ. चार सायकल झाल्या, पाचवी पुढच्या आठवड्यात.

मुंबईच्या पुतण्याने पाठवलेला मेसेज साधारण असा होता: केमो म्हणजे विष. शिरेतून ५० ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं की कॅन्सर मरतो. दोनदा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने ते १९७६ सालीच सिद्ध केलं, अमेरिकेच्या सरकारी संशोधकांनीही मान्य केलं. पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्यांनी दाबून ठेवलं. आवळ्यात असतं तेच हे, साइड इफेक्ट शून्य. केमो बंद करा, पुढे पाठवा.

मी मेडिकलवाला, डॉक्टर नव्हे. पण हाच मेसेज वर्षभरात तिसऱ्यांदा काउंटरवर आला, म्हणून जे काकांना सांगितलं तेच लिहून काढतोय.

नोबेलचं आधी. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली हे खरं. पहिलं १९५४ सालचं, रासायनिक बंधांवरच्या कामाबद्दल. दुसरं १९६२ सालचं, शांततेचं. कॅन्सरचा संबंध दोन्हींत नाही. १९७६ मध्ये त्यांनी आणि स्कॉटलंडचे सर्जन युअन कॅमेरॉन यांनी अखेरच्या टप्प्यातल्या १०० रुग्णांची माहिती छापली. व्हिटॅमिन सी घेतलेले सरासरी २१० दिवसांहून जास्त जगले, तुलनेला घेतलेले १,००० रुग्ण ५० दिवस. कुणीही हुरळेल असा आकडा. पण ते हजार जण जुन्या केसपेपरांतून काढलेले होते आणि दिवस मोजायचे ते 'आता उपाय नाही' हा शेरा पडल्यापासून. हा शेरा एकाच्या कागदावर लवकर पडतो, दुसऱ्याच्या अगदी शेवटी. एका बागेतला हापूस झाडावरून उतरवल्या दिवसापासून मोजायचा, दुसऱ्या बागेतला पिकून पिवळा झाल्यावर, आणि म्हणायचं की पहिल्या बागेचा आंबा जास्त टिकतो. देवगडात असा हिशोब कोण ऐकून घेईल?

मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. कुणाला व्हिटॅमिन मिळतंय आणि कुणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी, हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. फायदा दिसला नाही. पॉलिंग चिडले. त्यांचा एक आक्षेप असा की मेयोने सगळं तोंडाने दिलं, शिरेतून नाही.

इथे मी मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. आक्षेप रास्त होता. तोंडाने कितीही घ्या, आतडं एका मर्यादेपुढे शोषून घेत नाही; शिरेतून दिलं तर रक्तातलं प्रमाण त्याच्या साठ-सत्तर पट जाऊ शकतं. २००५ मध्ये अमेरिकन सरकारी संशोधकांनी दाखवलं की एवढ्या प्रमाणात हेच व्हिटॅमिन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून प्रयोगशाळेतल्या कॅन्सरच्या पेशी मारतं. मेसेजमधलं 'मान्य केलं' ते हे. पण काचेच्या बशीत मूत्रपिंड नसतं. माणसाच्या शरीरातून व्हिटॅमिन सी काही तासांत लघवीवाटे निघून जातं आणि पेरॉक्साइड मोडून टाकणारं एन्झाइम रक्तात भरपूर असतं.

मेसेज इथे थांबतो. संशोधन थांबलं नाही. २००८ मध्ये शिरेतून मोठे डोस देऊन पाहिले, नुसत्या व्हिटॅमिनने एकाही रुग्णाची गाठ आटली नाही. २०२२ मध्ये चीनमधला मोठा अभ्यास आला, तोही नेमका मोठ्या आतड्याच्या, पसरलेल्या कॅन्सरवर. ४४२ रुग्ण. केमोसोबत व्हिटॅमिन सी घेतलेल्यांतले निम्मे रुग्ण किमान २०.७ महिने जगले, नुसती केमो घेतलेल्यांतले निम्मे किमान १९.७ महिने. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. एका विशिष्ट जनुकीय बदलाच्या रुग्णांत आजार थोडा जास्त काळ आटोक्यात राहिला, त्याचा पाठपुरावा व्हायला हवा. २०२४ मध्ये आयोवा विद्यापीठाने स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर केलेला अभ्यास तर खरोखर आशादायक आहे: निम्मे रुग्ण किमान ८.३ महिन्यांऐवजी १६ महिने जगले. पण रुग्ण फक्त ३४. त्याहून मोठ्या अभ्यासात हे टिकतं का, ते बघावं लागेल.

आणि या दोन्ही अभ्यासांत केमो सगळ्यांना चालू होती. व्हिटॅमिनवाल्या गटालाही. 'केमोऐवजी' हा शब्द त्यात कुठेच नाही, तो मेसेज लिहिणाऱ्याने घातला. मुख्य उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या, कॅन्सर न पसरलेल्या २८१ अमेरिकन रुग्णांचा हिशोब २०१८ मध्ये छापला गेला. मृत्यूचा धोका अडीच पट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साडेचार पट.

पेटंटचं फार बोलत नाही. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये आज व्हिटॅमिन ए पासून बनलेलं औषध आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, ही जोडी बहुतेक रुग्णांना बरं करते. एक व्हिटॅमिन, दुसरं अस्सल विष, आणि कुणी दाबून ठेवलं नाही.

'साइड इफेक्ट शून्य' या वाक्याचा मात्र मला राग येतो, कारण तो माझ्या धंद्यातला विषय आहे. पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम. ५० ग्रॅम म्हणजे तिच्या सव्वासहाशे पट, कोविडात सगळे चोखत होते त्या ५०० मिलिग्रॅमच्या १०० गोळ्या एका बैठकीला. याला आवळा म्हणत नाहीत. एवढ्या व्हिटॅमिनचं शरीरात ऑक्झलेट होतं, ते मूत्रपिंडात साचून ती निकामी होऊ शकतात. जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आधी त्याची तपासणी लागते. आणि साखर तपासायची घरगुती मशीन! काही मशीनना व्हिटॅमिन सी आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. साखर खोटीच वाढलेली दिसते, घरचे इन्सुलिन टोचतात आणि साखर खरोखरची कोसळते. काकी दहा वर्षं डायबेटिक आहेत. मशीन आणि पट्ट्या माझ्याकडूनच नेतात.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. मेसेजखाली एका क्लिनिकचा नंबर होता. पुतण्याला तो खोडायलाही सुचलं नव्हतं, पण त्याचा हेतू वाईट नाही. लांब बसून काकीसाठी काहीतरी करायचं होतं.

काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तां सगळां खरां. पण तिचा तोंड आलाहा, पेज पण गिळणा नाय. त्याचा काय?"

म्हणजे इंजेक्शनचा प्रश्न नव्हताच. केमोने तोंड येतं, आणि हे परळच्या डॉक्टरांना पाचव्या सायकलच्या आधी सांगितलं तर ते औषध देतात, गरज पडली तर डोस बदलतात. काकांनी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर रागावतील, वाटलं. तोवर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. सोडा घरात आहे म्हणाले. मग मोबाइल उचलला आणि चष्मा कपाळावर सारून तुतारीचं तिकीट कन्फर्म झालं का ते बघत बसले.